बिननावाचे अकरा रुपये

शिकागोजवळच्या उपनगरात लेकीकडे राहायला गेलो होतो. सप्टेंबरातली सकाळ होती. किराणा दुकानाच्या दारात पिवळे एप्रन घातलेले दोन आजोबा हातात डबा घेऊन उभे होते. मी एक डॉलर टाकला. त्यांच्यातल्या एकाने माझ्या हातावर टूट्सी रोल नावाची चिवट चॉकलेटची गोळी ठेवली, हसून आभार मानले आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. नाव विचारलं नाही की पावती फाडली नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांसाठी पैसे गोळा करताहेत, एवढं एप्रनवर वाचलं.

गाडीत बसल्यावर लेक म्हणाली, "बाबा, हे नाइट्स ऑफ कोलंबस." गिरणगावात वाढलेल्या माणसाला 'नाइट' म्हटलं की रात्रपाळीच आठवणार! हे 'नाइट' म्हणजे सरदार. कोलंबसाचे सरदार. कॅथलिक पुरुषांची ही संघटना, आणि तिचे जगभर वीस लाख सभासद. नावात तलवारी खणखणत असल्या तरी गोष्ट सुरू होते ती एका विधवेच्या घरात.

कनेक्टिकट राज्यातलं न्यू हेवन. तिथल्या सेंट मेरीज चर्चमध्ये मायकल मॅकगिव्हनी नावाचे तरुण फादर होते. त्यांचे वडील पितळेच्या कारखान्यात ओतारी. तेरा मुलं झाली, त्यातली सहा लहानपणीच गेली. मायकल सगळ्यांत थोरले. 1873 मध्ये वडील वारले, तेव्हा शिक्षण अर्धवट टाकून ते घरी परतले. बिशपांनी मदतीचा हात दिला म्हणून पुढे फादर होता आलं. घरातला कर्ता गेला की काय होतं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

त्यांच्या चर्चमध्ये येणारे बहुतेक आयरिश मजूर. कारखान्यातले अपघात नाहीतर क्षय यांनी माणसं अकाली जायची. मागे पैसा नसला तर मुलांचं काय करायचं ते कोर्ट ठरवायचं. पालक म्हणून उभं राहणाऱ्याला जामीन भरावा लागायचा. अशाच एका मुलाचं पालकत्व मॅकगिव्हनींनी कोर्टापुढे स्वतः पत्करलं. पण एक फादर किती मुलांचा पालक होणार? विम्याची सोय असलेली मंडळं होती, पण त्यातल्या गुप्त मंडळांत जायला चर्चची मनाई.

मग त्यांनी चर्चच्या तळघरात माणसं जमवली. 29 मार्च 1882 रोजी संस्थेची रीतसर नोंदणी झाली, तेव्हा फादर एकोणतीस वर्षांचे होते. कॅथलिक माणूस सच्चा अमेरिकन नव्हे, असं हिणवण्याचा तो काळ. त्याला उत्तर म्हणून नाव घेतलं कोलंबसाचं: अमेरिकेचा पहिला मानकरी मानला जाणाराच कॅथलिक! (त्या नावाला आज कोणी पूर्वीसारखा निमूट मुजरा करत नाही, तो भाग वेगळा.)

योजना अगदी साधी होती. एखादा सभासद गेला की बाकीच्या प्रत्येकाने एक डॉलर द्यायचा आणि विधवेच्या हाती हजार डॉलर ठेवायचे. सभासद हजारावर गेले की प्रत्येकाचा वाटा त्या प्रमाणात कमी. आपल्या भिशीसारखंच, फक्त इथे नंबर लागू नये असं प्रत्येकालाच वाटायचं. यातली मेख अशी की नवऱ्याने हयातीत इतरांसाठी डॉलर भरलेला असायचा. त्यामुळे पैसे हातात घेताना बाईला मान खाली घालावी लागत नसे. ते दान नव्हतं, येणं होतं.

नंतर त्यांच्याविषयी हे सगळं वाचताना मला आई आठवत राहिली.

वडील गिरणीत साचेखात्यात होते. मी नऊ वर्षांचा असताना ते गेले. खात्यातल्या लोकांनी वर्गणी काढली आणि तेराव्यानंतर दोघेजण पाकीट घेऊन आले. पैशांबरोबर एक यादीही होती. अमुक पाच रुपये, तमुक दोन रुपये. त्यांनी ती हिशेब चोख असावा म्हणून दिली. आईने आहेराच्या वहीसारखी जपली. पुढे कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाचं बारसं. आई शिवणाच्या पैशांतून तेवढे रुपये द्यायची आणि घरी येऊन नावापुढे खूण करायची. अकरा वर्षं लागली. देणाऱ्यांपैकी कोणी कधी आठवणसुद्धा करून दिली नाही. तरी यादी पेटीत होती, आणि आईच्या मानेवर होती.

आपल्याकडेही माणसांनी परक्या शहरातल्या अडीनडीवर आपापल्या परीने उपाय शोधलेच होते. मुंबईत धोबीतलावला गोव्याच्या बोटीवाल्यांच्या कुडी, म्हणजे सामायिक बिऱ्हाडं असत. गावागावाची वेगळी कूड, भिंतीशी पेट्यांची रांग, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. आमच्या कोकणातल्या चाकरमान्यांची गावकरी मंडळंही तशीच. परक्या शहरात आलेला माणूस आधी आपल्यासारख्या चारजणांना शोधतो, आणि मग चौघांत एक डबा ठेवतो.

न्यू हेवनचा डबा फार मोठा झाला. आज त्या विम्याची रक्कम शंभर अब्ज डॉलरच्या वर आहे. पहिल्या महायुद्धात या मंडळींनी सैनिकांसाठी विश्रांतीच्या खोल्या उघडल्या. धर्म न विचारता सगळ्यांना आत घेतलं आणि पैसाही घेतला नाही. समलिंगी विवाहाविरुद्धच्या मोहिमांना लाखो डॉलर दिले म्हणून टीकाही ओढवून घेतली. आणखी एक गोष्ट मला खटकते. सगळा खटाटोप विधवेसाठी, पण सभासदांच्या खुर्च्यांत बाईला जागा नाही, ती अजूनही नाही.

मॅकगिव्हनी 1890 मध्ये न्यूमोनियाने गेले, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. 2020 साली चर्चने त्यांना 'धन्य' घोषित केलं.

आईच्या यादीत एक नाव खुणेशिवाय राहिलं. खरं तर ते नाव नव्हतंच. 'एक स्नेही, अकरा रुपये', एवढंच. वडिलांच्या मित्रांना विचारून झालं, कोणी सांगेना. आईला त्याची रुखरुख होती. मात्र शेवटच्या आजारात एकदा ती म्हणाली, "तेवढे अकरा रुपयेच मला मिळाले रे. बाकीचे मी उसने घेतले होते."

चॉकलेटची ती गोळी मी खाल्ली नाही. घरी आल्यावर यादीशेजारी ठेवली आहे. मुंग्या लागतील म्हणून बायको रोज ओरडते.