धिस इज माय बॅग!

मागच्या महिन्यातली गोष्ट. दुपारची भांडी आवरून जरा टेकले होते, तोच शेजारच्या वहिनी आल्या. हातात मोबाइल, चेहऱ्यावर आनंद आणि धास्ती दोन्ही. त्यांची लेक बेंगळुरूला असते. तिला आठवा लागलाय. डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हणून सांगितल्यामुळे बाळंतपण तिकडेच करायचं ठरलं. म्हणजे आईनेच जायला हवं. जावयांनी पुण्याहून विमानाचं तिकीट काढून पाठवलं होतं. वहिनींच्या यजमानांना दुकान सोडून निघता येत नव्हतं, मुलाची परीक्षा होती. वहिनी एकट्याच जाणार होत्या. आयुष्यात पहिल्यांदा.

"ताई, एवढं वाचून दाखवा हो. आणि जमलं तर १५ दिवसांत थोडं इंग्रजी शिकवा. त्या पिक्चरमध्ये श्रीदेवीला चार आठवडे तरी मिळाले होते!"

२०१२ सालचा 'इंग्लिश विंग्लिश' आठवून आम्ही दोघी हसलो. पण पाठोपाठ वहिनी हळूच म्हणाल्या, "कुणी काही विचारलं आणि मी नुसती बघत राहिले, तर?" आणि माझं हसू थांबलं.

मैत्रिणींनो, इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी पदवीधर. इंग्रजी वर्तमानपत्र अडखळत का होईना वाचते. तरी काही वर्षांपूर्वी माझी गाडी चुकली, तीही स्टेशनवर वेळेआधी पोचून! नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. तिकिटावर १४ तारीख आणि ००:२० अशी वेळ. १४ तारखेच्या रात्री साडेअकराला दोन मुलं, तीन बॅगा आणि आहेराची पिशवी घेऊन मी स्टेशनवर हजर. तिकीट तपासनीस म्हणाले, "बाई, तुमची गाडी काल रात्रीच गेली." रात्री बारानंतर तारीख बदलते. म्हणजे १४ तारखेची ००:२० ची गाडी पकडायला १३ तारखेच्या रात्री घरातून निघायला हवं होतं. तिकिटावरचं अक्षर न् अक्षर मी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नव्हता.

वाचणं वेगळं आणि समजणं वेगळं. शाळेत इंग्रजीच्या पेपरात उतारा यायचा, खाली प्रश्न असायचे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ उचलून उत्तरात लिहायची, की झाले मार्क! उतारा कशाबद्दल होता, हे पेपर संपल्यावरही कळलेलं नसायचं. आपल्यापैकी पुष्कळजणी मराठी शाळेत पाचवीला पहिल्यांदा एबीसीडी शिकलेल्या. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर आपली शाळा संपलीही होती. त्यामुळे इंग्रजी म्हणजे परीक्षा आणि परीक्षा म्हणजे भीती, हे गणित मनात पक्कं बसलंय.

वहिनींना मी म्हटलं, "आपण परीक्षेचं इंग्रजी नाही शिकायचं. तुमच्या बॅगेचं इंग्रजी शिकू."

विमानतळावर काय विचारतात हो? 'युवर टिकेट प्लीज.' 'युवर आयडी?' 'इज धिस युवर बॅग?' 'हूज बॅग इज धिस?' नीट बघा, सगळी चौकशी कुणाचं काय एवढ्याचीच. म्हणून आमचा पहिला धडा होता माझं-तुझं. माय, युवर, हिज, हर, अवर, देअर. बस, सहा शब्द.

आणि गंमत अशी, की इथे आपली मराठीच जास्त अवघड आहे! आपण माझा भाऊ, माझी बहीण, माझं घर, माझे कपडे म्हणतो. वस्तू बदलली की 'माझा' बदलतो. इंग्रजीत भाऊ असो, बहीण असो, घर असो की कपडे, सगळ्यांना एकच 'माय'. जी बाई चार रूपं न चुकता रोज बोलते, तिला एक रूप जड का जावं? वहिनींना हे इतकं आवडलं, की त्या घरातल्या एकेका वस्तूवर बोट ठेवत सुटल्या. माय कप, माय चेअर, माय चप्पल.

अडलं ते पुढे. 'दादांचा मोबाइल' म्हणा म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, "देअर मोबाइल." बरोबरच आहे! आपण 'ह्यांचा' म्हणतो, आदराने अनेकवचन वापरतो. इंग्रजीत 'अहो-जाहो' नाही, एका पुरुषाचं ते 'हिज'. वहिनी ओशाळल्या, "हिज म्हणजे 'त्याचा' ना? नवऱ्याला अरे-तुरे केल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, "राष्ट्रपती असले तरी हिजच. त्यात अपमान नाही." दुसरी अडचण 'त्याची बॅग'ची. 'ची' ऐकलं की आपल्याला बाई आठवते आणि तोंडातून 'हर बॅग' निघून जातं. बॅग स्त्रीलिंगी असली तरी इंग्रजी विचारतं, मालक कोण? पुरुष असेल तर हिज, बाई असेल तर हर. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

नावाला 'चा-ची-चे' लावायचं तर इंग्रजीत नावापुढे वर एक छोटा स्वल्पविराम आणि एस. मीनाची आई म्हणजे मीनाज मदर. आणि 'माय'च्या पुढे वस्तूचं नाव लागतं, पण 'माइन' एकटं उभं राहतं. 'हूज बॅग इज धिस?' 'इट इज माइन.' तसंच 'माझ्याकडे एक बॅग आहे' आणि 'मला एक मुलगी आहे' या दोन्हींना इंग्रजीत एकच 'आय हॅव'. आय हॅव वन बॅग. आय हॅव वन डॉटर.

या माझं-तुझंच्या धड्यात मला एक गोष्ट जाणवली. वहिनींच्या तोंडी 'माझं' फार कमी. 'आमची मुलगी', 'आमच्या ह्यांचं घर', 'आमच्याकडे असं चालतं'. सगळं आमचं, नाहीतर त्यांचं. ही सवय आजची नाही. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. १९१० साली त्या छापून आल्या, त्या पुस्तकाचं नावही 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' असं आहे. 'माझ्या' नाही, 'आमच्या'. याच रमाबाई लग्नानंतर इंग्रजी शिकल्या आणि त्यासाठी घरातल्या बायकांचे टोमणे त्यांनी सोसले. पुढे कुसुमावती देशपांड्यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला. त्याच्या नावात 'हिज वाइफ्स' असे शब्द आले. म्हणजे त्याच्या बायकोच्या आठवणी! 'आमच्या'मध्ये माया आहे, मी ते नाकारत नाही. पण विमानतळावर 'आमची बॅग' म्हणून चालत नाही. तिथे माणसाला एकट्याला विचारतात आणि एकट्यानेच उत्तर द्यावं लागतं.

दुसऱ्या आठवड्यात वाचन. वहिनींचं तिकीटच आमचं पाठ्यपुस्तक. मी त्यांना सांगितलं, प्रत्येक शब्दाचा अर्थ लावत बसायचं नाही. हातात पाच प्रश्न घेऊन कागदाकडे जायचं. कोण, कुठून, कुठे, कधी आणि काय न्यायचं? 'पॅसेंजर'पुढे आपलं नाव आहे का, ओळखपत्रावर आहे तसंच आहे का? 'फ्रॉम' म्हणजे कुठून, 'टू' म्हणजे कुठे. 'डिपार्चर' म्हणजे सुटण्याची वेळ, 'अरायव्हल' म्हणजे पोचण्याची. वेळ १७:४० असेल तर १२ वजा करा, संध्याकाळचे पाच चाळीस. आणि ००ने सुरू होणारी वेळ दिसली की माझी फजिती आठवा!

'बॅगेज'समोर १५ केजी आणि ७ केजी लिहिलं होतं. १५ किलो विमानाच्या पोटात जाणारी बॅग, ती चेक-इन. ७ किलो आपल्या हातातली. वहिनींनी डिंकाच्या लाडवांचा डबा लगेच वजन करून पाहिला. पानाच्या डब्यातला अडकित्ता मात्र हातातल्या पिशवीतून काढायला लावला. धारदार वस्तू विमानात आपल्याजवळ ठेवू देत नाहीत.

विमानतळावर मिळणारा बोर्डिंग पासही असाच वाचायचा. त्यावर 'गेट' आणि 'सीट' बघा. 'बोर्डिंग टाइम' ही विमानात चढायला सुरुवात होण्याची वेळ, ती सुटण्याच्या आधीची असते. पाटीवर 'डिलेड' म्हणजे उशीर, 'कॅन्सल्ड' म्हणजे रद्द. आणि उतरल्यावर सामान घेण्याच्या जागी पाटी असते, 'बॅगेज क्लेम'. क्लेम म्हणजे हक्क सांगणं. आपलं सामान आपण हक्काने उचलायचं.

रेल्वेने जाणाऱ्यांनीही असंच करावं. 'सीएनएफ' म्हणजे जागा पक्की, 'डब्ल्यूएल' म्हणजे प्रतीक्षा यादी. 'आरएसी' म्हणजे गाडीत चढता येतं, पण झोपायचा अख्खा बर्थ मिळेलच असं नाही. 'लोअर' खालचा, 'मिडल' मधला, 'अप्पर' वरचा. गुडघे दुखणाऱ्या बाईला हे तीन शब्द ओळखता यायलाच हवेत.

कुणी म्हणेल, आता मोबाइल आहे की, फोटो काढला की भाषांतर करून देतो. खरंय, जरूर वापरा. पण बॅटरी संपते, नेट जातं आणि समोरचा माणूस घाईत असतो. कुणी म्हणेल, आपली मराठी सोडून इंग्रजीचे लाड कशाला? लाड नाहीतच हे. माझी मराठी माझ्या देवघरात आणि स्वयंपाकघरात आहे, ती कुठे जात नाही. पण बेंगळुरूच्या रस्त्यावरच्या पाट्या कन्नडमध्ये आणि इंग्रजीत असतात. कन्नड अक्षर आपल्याला येत नाही, तेव्हा हाती राहतं ते चार शब्दांचं इंग्रजीच.

मला खरं खटकतं ते दुसरंच. आपण वर्षानुवर्षं प्रवास करतो, माहेरी, लग्नाला, देवाला. पण तिकीट कुणाकडे असतं? पूर्वी ह्यांच्या खिशात असायचं, आता ह्यांच्या मोबाइलमध्ये. गाडीचं नाव, डबा, सीट, काहीच आपल्याला ठाऊक नसतं. आपण फक्त डबे भरतो आणि मागोमाग चालतो. मग एक दिवस एकटीने जायची वेळ आली की पोटात गोळा येतो. तो गोळा इंग्रजीचा नसतो, तिकीट कधी हातात न घेतल्याचा असतो.

तेव्हा सुरुवात आजच करा. घरातलं एखादं जुनं तिकीट, विजेचं बिल, औषधाचा खोका असं काहीही घ्या. त्याला पाच प्रश्न विचारा. रोज पंधरा मिनिटं, मोठ्याने. लेकीचं पुस्तक, सासूबाईंचा चष्मा, नवऱ्याची छत्री यांची नावं इंग्रजीत म्हणा. मुलं हसतील. हसू द्यावं. त्यांना बोलायला शिकवलं तेव्हा आपणही त्यांच्या बोबड्या बोलांवर हसलोच होतो की.

वहिनी गेल्या. रात्री नऊला फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. "ताई, अहो, पट्ट्यावर माझ्यासारखीच निळी बॅग होती. एका माणसाने माझीच उचलली आणि निघाला की! मी मागून गेले आणि म्हटलं, एक्सक्यूज मी, धिस इज माय बॅग. त्याने नावाची चिठ्ठी बघितली, सॉरी म्हणाला आणि दिली. लाडू त्यातच होते!"

"मग?"

"मग काय, मी म्हटलं, दॅट इज युवर बॅग. त्याची मागून येत होती ना."

आता वहिनींना नात झाली आहे. दवाखान्याच्या फॉर्मवर 'पेशंट्स नेम' आणि 'हजबंड्स नेम' हे त्यांनीच वाचून जावयांना दाखवलं. पुढच्या महिन्यात त्या परत येतील. परवा मी विचारलं, परतीची वेळ काय? म्हणाल्या, "थांबा, बघून सांगते." आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये तिकीट उघडून त्यांनी मला ते नावापासून गेटबद्दलच्या सूचनेपर्यंत वाचून दाखवलं. मी मध्ये एकदाही बोलले नाही.