कुठलं पाव्हणं म्हणायचं?

दिवाळीच्या सुटीत कुणी किल्ला करतो, कुणी आकाशकंदील करतो. माझ्या भाच्याने गेल्या दिवाळीत चक्क एक हेरकथा केली. चांगली एकशे चाळीस पानांची! मामा कॉलेजात मराठी शिकवतो, तेव्हा पहिला वाचक होण्याचे भाग्य ओघानेच माझ्याकडे आले. मी नाक मुरडले नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड वडिलांच्या ट्रंकेतून काढून गणिताच्या वहीत लपवून वाचलेला माणूस मी. मी कोणत्या तोंडाने नाक मुरडणार?

कथा अशी. डिंभे धरण उडवण्याचा कट शिजतो आहे. सहा दहशतवादी सहा महिन्यांपूर्वीच डिंभ्यात खोली घेऊन राहिले आहेत. यालाच हल्ली 'स्लीपर सेल' म्हणतात. म्हणजे झोपलेली टोळी. चारचौघांसारखे राहायचे, नोकरी करायची, भाडे भरायचे आणि वरून हुकूम आला की जागे व्हायचे. शेवटच्या रात्री भाच्याचा नायक हेलिकॉप्टरमधून धरणाच्या भिंतीवर उतरतो आणि उरलेल्या चाळीस पानांत सहाही जणांचा समाचार घेतो.

"डिंभे पाहिले आहेस का रे?" मी विचारले.

"नकाशात पाहिलेय, मामा."

माझा एक जुना विद्यार्थी तिकडे शाळेत शिक्षक आहे. त्याचे आमंत्रण कैक दिवसांचे थकले होते. भाऊबीज उरकून आम्ही तिघे निघालो. मी, सौभाग्यवती आणि कादंबरीकार. नाशिक रस्त्याने मंचर, मग घोडेगाव आणि पुढे भीमाशंकरच्या वाटेवर डिंभे. घोड नदीवरच्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचे नाव दिले आहे. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला हा गिरणी कामगार याच आंबेगाव तालुक्यातला, महाळुंगे पडवळचा. धरण काठोकाठ भरले होते. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने गाव याच पाण्याखाली गेले आहे. कडेच्या खाचरांत भाताची कापणी चालली होती.

भाचा नायक उतरवायला जागा शोधत पुढे गेला. आम्ही दोघे रस्त्याकडेला एका पडवीपाशी उभे राहिलो. सूप घेऊन बसलेल्या आजींनी मान वर केली.

"कुठलं पाव्हणं म्हणायचं?"

"पुण्याचे."

"पुन्यात कुठं? आन् हिकडं कोनाकडं?"

"मास्तरांकडे."

"शाळंच्या? मंग हुबं का? बसा की. च्या घ्या."

चहा होईपर्यंत आजींनी आमचे मूळ गाव, माझी नोकरी, सौभाग्यवतींचे माहेर, आमचा मुक्काम आणि पुढे गेलेला पोरगा नात्याने कोण लागतो, एवढे सगळे काढून घेतले. त्यांच्या स्वरात संशयाचा लवलेश नव्हता. आम्ही मास्तरांच्या घरी पोचलो, तेव्हा आम्ही येत असल्याची वर्दी आमच्या आधीच पोचली होती!

रात्री पिठलेभाकरीवर कथेचे वाचन झाले. विद्यार्थ्याने सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, बाकी झकास आहे. पण सहा महिने? इथे सहा तास कुणी आपली ओळख न सांगता राहिला, तर संध्याकाळी पोलीस पाटील दारात येतील. ही टोळी झोपवायची असेल, तर तुमच्या पुण्यात न्यायला हवी."

सगळे हसले. मला मात्र हसता आले नाही. मी भाच्याला घडलेली गोष्ट सांगितली.

18 जुलै 2023. पुण्यातल्या कोथरूडमधली पहाटेपूर्वीची वेळ. गस्तीवरच्या पोलीस शिपायांना मोटारसायकल चोरू पाहणारी माणसे दिसली. त्यांनी धरले. साधी वाहनचोरी समजून घरझडतीसाठी त्यांना कोंढव्याला नेले, तेव्हा तिघांतला एक निसटला. उरलेल्या दोघांची खरी नावे उजेडात आली आणि ठाण्यातली सारी मंडळी थक्क झाली. राष्ट्रीय तपास यंत्रणेला ते हवे होते. प्रत्येकाच्या डोक्यावर पाच लाखांचे इनाम होते. पळालेला तिसरा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत सापडला. पुढे तपास यंत्रणेने इसिस संघटनेशी संबंध, स्फोटके बनवणे आणि घातपाताची तयारी असे आरोप ठेवले. दोष कुणाचा किती, हे ठरवणे न्यायालयाचे काम. पण हा धागा हाती आला तो एका चोरीच्या मोटारसायकलीतून आणि पेंगुळलेल्या पहाटे डोळे उघडे ठेवणाऱ्या साध्या शिपायांमुळे.

"हेलिकॉप्टर नाहीच?" भाच्याने विचारले.

नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे नाकाबंदीला उभे होते, तेव्हाही हेलिकॉप्टर नव्हते. हातात एक काठी होती. त्यांनी कसाबची बंदूक नळीकडून धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, आणि म्हणूनच तो जिवंत हाती लागला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. आणि कुणाच्याही ध्यानात काही आले नाही, तर काय होते, तेही आपण पुणेकरांनी पाहिले आहे. 13 फेब्रुवारी 2010, शनिवारची संध्याकाळ, कोरेगाव पार्कातली जर्मन बेकरी. एका बेवारस बॅगेतल्या बॉम्बने 17 माणसे गेली. चहा-कॉफी घ्यायला आलेली माणसे.

झोपलेल्या टोळीलाही डोक्यावर छप्पर लागते, भाड्याची खोली लागते, गाडी लागते, कागदपत्रे लागतात. म्हणजे तिला आपल्यातल्याच कुणाच्या तरी दाराशी यावे लागते. तिथे कुणी काही विचारले नाही, की तिला सुखाने झोप लागते.

आता एक कबुली देतो. ही गोष्ट मी भाच्याला सांगितली नाही, तुम्हांला सांगतो. कोथरूडची बातमी वाचली त्या दिवशी मी माझ्या टेबलाचा खण उघडला. त्यात भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवण्याचा फॉर्म होता, कोरा. आमची दोन खोल्यांची जागा आम्ही एका तरुणाला भाड्याने दिली होती. तो नीटनेटका, वाकून नमस्कार करणारा आणि माझ्या लेखांची तारीफ करणारा होता. एवढ्यावर मी त्याला काहीही विचारले नाही. त्याच्याआधी आणखी एक तरुण जागा पाहून गेला होता. त्याचे नाव ऐकून सोसायटीतल्या चार शहाण्यांनी भुवया उंचावल्या आणि मी 'जागा गेली' असे खोटेच सांगितले. ज्याचे नाव आवडले, त्याला काही विचारले नाही. ज्याचे आवडले नाही, त्याला विचारण्याचीही तसदी घेतली नाही. आमचा भाडेकरू सज्जन निघाला, हे माझे नशीब. त्या दुसऱ्या मुलाला पुढे जागा मिळाली की नाही, कोण जाणे. या दोन्हींत कुठे दक्षता होती, हे मला कुणी दाखवून द्यावे.

कौटिल्याने अर्थशास्त्रात नगराच्या कारभाराचे नियम सांगताना प्रत्येक गृहस्थाला बजावले आहे की, घरी उतरलेल्या आणि घरातून गेलेल्या माणसाची वर्दी द्यावी. न दिली, तर त्या रात्री घडलेल्या गुन्ह्याचा दोष त्याच्या माथी. आणि काही न घडता रात्र सुखरूप गेली, तरी तीन पण दंड! त्या हिशेबाने माझ्याकडे बरेच पण थकले आहेत. पण त्यातली मेख अशी, की नियम प्रत्येक पाहुण्यासाठी आहे. माणसाचा चेहरा, नाव, जात बघून तो बदलत नाही.

डिंभ्याच्या आजींचेही तेच. त्या सगळ्यांनाच विचारतात, आणि विचारून झाल्यावर सगळ्यांनाच चहा देतात. खेड्यातली ही चौकशी कधी कधी जाचते, हे खरे. पण आम्ही शहरवासीयांनी काय केले? चौकशीला असभ्यपणा ठरवले, संशय मात्र दाराच्या भोकातून चालू ठेवला. शेजारच्या दारावरची पाटी बदलली, तरी आम्हांला महिनाभर पत्ता नसतो.

पुण्याला परतल्यावर आठवड्याभरात भाच्याने कथा नव्याने लिहून आणली. धरण तेच, टोळी तीच. पण पहिल्याच प्रकरणात टोळीचा म्होरक्या डिंभ्याच्या थांब्यावर एस.टी.तून उतरतो, आणि पडवीतल्या आजी मान वर करून विचारतात, "कुठलं पाव्हणं म्हणायचं?"

"पुढे?" मी विचारले.

"पुढे काही सुचतच नाही, मामा. कादंबरी तिथेच संपते!"

कादंबरी छापली जाणार नाही, याचे त्याला वाईट वाटते आहे. मी मात्र खणातला फॉर्म भरून पोलीस ठाण्यात देऊन आलो आहे. परवा वरच्या मजल्यावर नवे बिऱ्हाड आले, तेव्हा सौभाग्यवती चकल्यांची ताटली घेऊन वर गेल्या. खाली आल्या त्या तासाभराने. त्यांचे गाव, नोकरी, नातीगोती, सगळे विचारून आणि आपले सगळे सांगून.