एका घोड्यास तीन पाईक

दिवाळीच्या सुटींत आमच्या सदाशिव पेठेंतील घरीं माडीवर तीन दिवस एक युद्ध चाललें होतें. युद्ध कागदावरचें, परंतु कोलाहल खरा. थोरला नातू, त्याचीं दोन चुलत भावंडें, शेजारचा एक मुलगा आणि सर्वांत धाकटी नात वर्तुळ करून बसत. मध्यें नाना आकारांचे फांसे पडलेले असत. तिसऱ्या दिवशीं दुपारीं धाकटी रडत खालीं आली. खेळांत तिला ‘धर्मोपदेशक’ केलें होतें. म्हणजे इतरांनीं लढावें आणि हिनें त्यांच्या जखमा भराव्या. “आजोबा, मला दर वेळीं हेंच कां देतात? ह्यांत कांहींच बळ नाहीं!” मागोमाग बाकीचीं मुलेंही उतरलीं आणि प्रश्न माझ्यापुढें न्यायासाठीं आला: योद्धा, जादूगार, चोर व धर्मोपदेशक ह्यांत श्रेष्ठ कोण?

ह्या खेळाचें नांव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. आरंभीं त्यांत योद्धा, जादूगार व धर्मोपदेशक असे तीनच वर्ग होते. चोर दुसऱ्या वर्षीं आला. एक जण सूत्रधार होऊन कथा सांगतो, बाकीचे एकेक पात्र धारण करतात आणि घाव लागला कीं चुकला हें वीस पैलूंचा फांसा ठरवितो. हा प्रकार मला प्रथम वाटला तितका परका नाहीं. अल्बेरूनीनें सुमारें १०३० सालीं हिंदुस्थानांतील एका चतुरंगाचें वर्णन केलें आहे. तो चौघांनीं फांसे टाकून खेळावयाचा, आणि त्यांत मारलेल्या सोंगटीचें मोल राजा ५, हत्ती ४, घोडा ३, रथ २ व प्यादें १ असें धरीत. कोण किती बळाचा, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे.

मुलांनीं नियमांचें पुस्तक पुढें केलें. पात्राच्या अंगांत जीव किती हें त्याच्या वर्गाच्या फाशावरून ठरतें: जादूगारास सहा पैलूंचा फांसा, चोरास व धर्मोपदेशकास आठ पैलूंचा, योद्ध्यास दहा पैलूंचा. थोरला नातू योद्धा होता, तेव्हां त्याच्या मतें निकाल लागलाच होता. त्याचा चुलत भाऊ जादूगार. तो म्हणाला, जादूगार आरंभीं दुबळा खरा, पण पांचव्या पायरीवर पोंचला कीं त्याला अग्निगोल टाकतां येतो आणि आठ फाशांचा घाव एकदम साऱ्या जमावावर बसतो. योद्ध्यानें दिवसभर तरवार चालविली तरी तेवढें काम व्हावयाचें नाहीं.

मी कपाटांतून कौटिल्याचें अर्थशास्त्र काढलें. (म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं तें १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें, तोंवर आमच्या आजोबांच्या पिढीला ग्रंथाचें केवळ नांवच ठाऊक होतें.) त्याच्या दहाव्या अधिकरणांत हेंच कोष्टक आहे: एका घोड्याशीं लढावयास तीन पाईक, रथाशीं किंवा हत्तीशीं लढावयास पंधरा पाईक अथवा पांच घोडे. नातू चमकला, कारण त्याच्या बुद्धिबळाच्या पुस्तकांतही घोड्याचें मोल तीन प्याद्यांइतकेंच दिलेलें आहे. हा निव्वळ योगायोग. हत्ती पटावर पांच प्याद्यांचा, कौटिल्याकडे पंधरा पाइकांचा. परंतु मुलांचें लक्ष लागलें हें काय थोडें झालें?

त्याच अधिकरणांत ह्या कोष्टकाच्या आधींचा अध्याय भूमीचा आहे, आणि तो कोणी वाचीत नाहीं. रथाला कोणती जमीन, घोड्याला कोणती, हत्तीला कोणती हें आचार्य प्रथम सांगतात. कोणत्याही देशीं व कोणत्याही काळीं शस्त्र वाहणें हें काम मात्र पायदळाचें. घोडे थोडे असतील तर त्यांच्या जोडीला बैल जुंपावे, हत्ती थोडे असतील तर सैन्याचा मध्यभाग गाढवांच्या व उंटांच्या गाड्यांनीं भरावा, इतका व्यवहार त्यांनीं पाहिला आहे. पटावरही तेंच. मधोमध उभ्या असलेल्या घोड्याला आठ घरें खुलीं असतात, कोपऱ्यांत गेला कीं दोनच. मोल मात्र पुस्तकांत दोन्हीकडे तीनच लिहिलेलें.

मग मी विचारलें, रडावयाजोगें झालें तरी काय? हकीकत अशी निघाली. एका मोठ्या गुहेंत राक्षसांचा जमाव होता. योद्धा कोणाला न विचारतां आंत धांवला. जादूगाराजवळ अग्निगोल तयार, पण तो मध्यबिंदूपासून वीस फूट चहूंकडे जाळतो आणि आपला-परका पाहत नाहीं. योद्धा नेमका त्या वीस फुटांत. जादूगार हात बांधून उभा राहिला. योद्धा पडला, त्याला उठवावयास धाकटी आंत गेली, तीही पडली. आणि दोष लागला तिला, कीं वेळेवर पोंचली नाहीं!

ज्या भाऊंच्या नांवाच्या पेठेंत आम्ही राहतों त्यांची शेवटची लढाई मला आठवली. १४ जानेवारी १७६१. डावीकडे इब्राहिमखान गारद्याचें कवायती पायदळ. ठाम उभें राहून बंदुकांची फैर झाडावी हें त्याचें बळ, आणि समोरच्या रोहिल्यांचीं त्यानें पुष्कळ माणसें पाडलीं. मराठी स्वाराचें बळ अगदीं उलटें: झडप घालावी, रसद तोडावी, दिसेनासें व्हावें. गोलाच्या लढाईंत त्याला जागेवर खिळून राहावयाचें होतें, आणि तें त्याच्या रक्तांत नव्हतें. विंचूरकर व दमाजी गायकवाड ह्यांचे स्वार जागा सोडून पुढें धांवले आणि गारद्यांच्या बंदुकांपुढें आपलींच माणसें आलीं, असें पानिपताचीं वर्णनें सांगतात. पराभवाचीं कारणें अनेक. उपासमार तर होतीच, आणि एवढ्यावरच सारें खापर फोडणें अन्यायाचें होईल. परंतु गारदी श्रेष्ठ कीं स्वार, ह्या प्रश्नाला त्या दुपारीं कांहीं अर्थ उरला नव्हता. इब्राहिमखान पकडला गेला आणि मारला गेला.

थोरला कांहीं बोलला नाहीं. धाकटी मात्र पुस्तक उलटवीत बसली होती. जरा वेळानें तिनें बोट ठेवून दाखविलें, कीं धर्मोपदेशकाला चिलखत व ढाल दोन्ही वापरण्याची मोकळीक आहे. तीन दिवसांत हें एकानेंही वाचलें नव्हतें. दादांनीं तिला नुसती झोळी देऊन मागें उभी केली होती.

संध्याकाळीं सूत्रधारानें लढाई पुन्हां मांडूं दिली. गुहेच्या तोंडाशीं ढाल धरून धाकटी, तिच्या बगलेस योद्धा, आंत आपलें कोणीच नाहीं. जादूगारानें आठ फांसे टाकले. बेरीज अवघी सतरा! राक्षस होरपळले, पण मेले नाहींत, आणि सारे दाराकडे वळले. तेवढ्यांत पानें मांडल्याची हांक आली. जेवतांना मीं एक सूचना केली, कीं योद्ध्याच्या रथाला घोडा कमी असेल तर बैल जुंपावा. सूत्रधार म्हणाला, “आजोबा, नियम बघून सांगतों.”