शब्दांच्या नगरांतील चोरी

गेल्या पावसाळ्यांत आमच्या नववीच्या वर्गांतील एक हुशार विद्यार्थी दुसऱ्या तासासच पेंगूं लागला. प्रथम आम्हांस वाटलें कीं, त्यास ताप असावा. चौकशीअंतीं कळलें तें असें कीं, तो रात्रीं दोन वाजतां गजर लावून उठत असे आणि मोबाइलवरील एका खेळांत दरोडा घालून पुन्हां निजत असे. आम्ही त्यास वर्गासमोर फार कठोर बोललों. "चोरीचे धडे गिरवतोस काय?" असें विचारलें. मुलगा खालीं मान घालून इतकेंच म्हणाला, "सर, आपण तो खेळ पाहिला आहे काय?"

आम्हीं तो पाहिला नव्हता. न पाहिलेल्या वस्तूविषयीं निवाडा देणें शिक्षकास शोभत नाहीं. म्हणून दिवाळीच्या सुटींत या जातीचे खेळ आम्हीं स्वतः खेळून पाहिले. त्यावरून जें मत झालें, तें विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढें ठेवीत आहों.

या खेळांत चित्रांचें काम थोडें. सारा कारभार शब्दांचा व आंकड्यांचा. त्यांचें कुळ शोधूं गेल्यास इंग्लंडांत जावें लागतें. 1978 सालीं एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें "मड" नांवाचा खेळ रचण्यास आरंभ केला व पुढें रिचर्ड बार्टल यानें तो वाढविला. अनेक माणसांनीं एकाच वेळीं एका शब्दसृष्टींत वावरावें, अशी त्याची योजना होती. त्याच मार्गावरील गुन्हेगारी विषयाचा प्रसिद्ध खेळ म्हणजे 2004 सालीं जो चेडबर्न या ब्रिटिश तरुणानें सुरू केलेला "टॉर्न". त्यांत शिरणारा मनुष्य एका काल्पनिक शहराचा रहिवासी होतो. रस्त्यावर पडलेले पैसे हुडकण्यापासून आरंभ. मग दुकानांतील माल लांबविणें, खिसे कापणें, अशी चढती पायरी. प्रत्येक गुन्ह्यास थोडें "धैर्य" खर्चावें लागतें, व तें दर 5 मिनिटांस 1 या मानानें भरून येतें. बेत फसला तर तुरुंग किंवा इस्पितळ. याखेरीज तालीमखाना, बँक, शेअरबाजार व पाठशाळाही तेथें आहे. पाठशाळेंतील एकेका अभ्यासक्रमास खऱ्या पंचांगाचे अनेक दिवस लागतात.

न्यायानें बोलावयाचें तर या खेळांत गुणही आहेत. मुलास वाचावें लागतें, हिशेब ठेवावा लागतो, आज पेरलेलें उद्यां उगवेल म्हणून वाट पाहावी लागते. शिवाय खेळांत खिसा कापणारा मुलगा खरोखरीचा खिसेकापू होईल, ही भीति आम्हांस फोल वाटते. चोर-शिपाई खेळून आमच्या पिढींतील कोणी चोर झाला नाहीं, आणि शिपाईही क्वचितच झाला!

मग आक्षेप कोणता? आमचे आक्षेप दोन आहेत. पहिला असा कीं, या नगरांत ज्याचा खिसा कापला जातो त्यास तोंड नसतें. एक ओळ येते, एक आंकडा वाढतो आणि प्रकरण मिटतें. दोस्तोयेव्हस्कीची "गुन्हा आणि शिक्षा" ही कादंबरी 1866 सालची. तींतही खून आहे, परंतु त्याची खरी शिक्षा न्यायालयाच्या आधींच खुन्याच्या मनांत सुरू होते. खेळांतील तुरुंग म्हणजे केवळ कांहीं वेळ वाट पाहणें. पश्चात्तापाची जागा घड्याळानें घेतली आहे. आणि जेथें एक खेळाडू दुसऱ्या खेळाडूस लुटून चोरावर मोर होतो, तेथें त्या दुसऱ्या टोंकास खरा मनुष्य व त्याचे खरे कष्ट असतात, हेंही मूल विसरतें.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. क्रिकेटचा डाव सूर्यास्तास संपतो. हा डाव संपतच नाहीं. धैर्य भरत असतें, टोळींतील सोबती हांक मारीत असतात, आणि भरलेलें धैर्य वायां जाईल म्हणून मूल मध्यरात्रीं उठतें. खेळाडूनें खेळास हातीं धरावें, येथें खेळच खेळाडूस हातीं धरतो. चोरी खरी कोठें होत असेल तर ती येथें होते, आणि चोरीस जाते ती मुलाची झोंप.

यावर बंदी हा उपाय आम्हांस पुरेसा वाटत नाहीं. बंदी घातलेली वस्तु पांघरुणाखालीं जाते. पालकांनीं एक संध्याकाळ मुलाशेजारीं बसून तो खेळ समजून घ्यावा. तासाची मर्यादा ठरवावी, रात्रीं मोबाइल वडिलांच्या खोलींत ठेवावा, आणि खेळासाठीं खरा पैसा खर्चूं नये, हा नियम कडक पाळावा. मुलांस आमचें सांगणें एवढेंच कीं, रोज निजण्यापूर्वीं स्वतःस विचारा: आज मी खेळलों कीं मला खेळविलें?

त्या विद्यार्थ्याची आम्हीं सुटीनंतर क्षमा मागितली, व त्यास एक निबंध दिला: "तुझ्या खेळांत ज्याचें पाकीट मारलें गेलें, त्याचें मनोगत लिही." त्यानें दीड पान लिहून आणलें. त्या पाकिटांत पैसे थोडेच होते, पण एस. टी.चा पास होता. म्हणून तो मनुष्य पावसांतून चालत घरीं गेला, आणि आपण उशीरां कां आलों हें त्यानें मुलांस सांगितलें नाहीं, असें त्यांत होतें. निबंध वाचून आम्ही बराच वेळ गप्प राहिलों.

तो मुलगा अजून तो खेळ खेळतो. दोन वाजतांचा गजर मात्र त्यानें आपण होऊन बंद केला आहे.