नातवंडांची तंबूतली पहिली रात्र

वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत वाढणाऱ्या नातवंडांनीही एखादी रात्र भंडारदऱ्यासारख्या ठिकाणी तंबूत काढावी, असे आम्हाला वाटते. ती केवळ पैसेवाल्यांची हौस नव्हे. मात्र आजी-आजोबांनी डोळ्यांत तेल घालून जपावे. पोरांना उघड्या जमिनीवर झोपवू नका, तंबूची चेन बंद ठेवा, आत शेगडी पेटवू नका. मण्यार रात्री झोपेत चावते. बहुधा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखले, पापण्या जड झाल्या, तर मांत्रिक नको, आवळून बांधणे नको, चिरा नको. लगेच १०८ ला फोन लावा. विषावरची लस कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळते, हे निघण्याआधीच विचारून ठेवा. एवढी तयारी असेल, तर खुशाल जा.