संगीत मंडळी कोणाच्या मालकीची?

शिरूर व दौंड तालुक्यांत जत्रा, कुस्त्यांचे फड व तमाशाचे तंबू यांची वाण नाही. परंतु संगीत नाटक ऐकावयाचे तर पुण्याची वाट धरावी लागते. याचा दोष कोणी बोलपटास देतो, कोणी लोकांच्या बिघडलेल्या अभिरुचीस. आम्हांस ही दोन्ही निदाने अपुरी वाटतात. आपल्या थोर संगीत मंडळ्यांपैकी काहींस लोकप्रियतेच्या भर माध्यान्हीच तडे गेले. तेव्हा या रोगाची चिकित्सा रसिकापेक्षा वकिलाच्या दृष्टीने करणे अधिक बरे.

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली झाला व घाट न उतरता पुण्याहून खानदेशाकडे जाण्याची सोय झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात 'शाकुंतला'चे पहिले चार अंक करून दाखविले. पूर्वीच्या खेळांत पदे म्हणण्याचा भार बहुतांशी सूत्रधारावर असे. अण्णासाहेबांनी ज्याचे सुखदुःख त्याच्याच तोंडी गाणे घातले. १८८२ त 'सौभद्र' आले व त्याच साली भाऊराव कोल्हटकर मंडळीस मिळाले. पुढे तीनच वर्षांत, २ नोव्हेंबर १८८५ रोजी, 'रामराज्यवियोग' अपुरे टाकून अण्णासाहेब निवर्तले. मंडळी मात्र निवर्तली नाही, ही गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. तिने १८९९ त देवलांची 'शारदा' रंगभूमीवर आणून जरठ-बाला विवाहाचे वाभाडे काढले. (१९२९ च्या बालविवाह-प्रतिबंधक कायद्यास लोक 'शारदा कायदा' म्हणत, ते हरबिलास सारडांच्या आडनावावरून, तथापि महाराष्ट्रात पुष्कळांस ते देवलांच्या नायिकेचेच नाव वाटले असल्यास नवल नाही!) १९०१ त भाऊराव गेले, तरी मंडळी उभीच, १९०५ त नारायणराव राजहंस आले व तिला पुन्हा तेज चढले.

मृत्यूने जे साधले नाही ते बेबनावाने साधले. १९११ त नानासाहेब जोगळेकर वारल्यानंतर व्यवस्थेविषयी नटांचा असंतोष वाढला, आणि १९१३ त नारायणराव, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढिली. येथे तरी भागीदारी टिकावी! परंतु टेंबे गेले, बोडस गेले, व सारा डोलारा एकट्या बालगंधर्वांच्या शिरावर आला. भरजरी शालू, तबल्यास थिरकवाँ, सारंगीस कादरबक्ष. वैभवात उणे काही नव्हते, उणा होता तो खर्चास आवर घालणारा हात. १९२१ त टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांसह 'संयुक्त मानापमान' करून देशकार्यास पैसा मिळवून देणारा हा पुरुष स्वतः कर्जात बुडालेला होता. १९३४ त मंडळीचे काम थांबले आणि स्त्रीभूमिकांचा हा राजा 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त संत एकनाथ म्हणून दिसला. अशा कलावंतास हिशेबनीस होण्यास सांगणे हा कलेचा अपमान आहे. पण त्याच्या शेजारी हिशेबनीस न बसविणे हा समाजाचा अपराध होय.

आता आपल्या दाराशी पाहू. दौंड तालुक्यात चौफुल्यास संगीत बारी नांदते. तेथे ठुमरी-लावणी गाणाऱ्या स्त्रिया आहेत. पुरुषाने नेसलेल्या शालूस वन्समोअर देणाऱ्या आमच्या आजोबांनी स्त्रीला रंगभूमीवर येऊ दिले नाही. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ च्या सुमारास स्वतःच्या नाटक मंडळीतून ते धैर्य केले, तेव्हाही नाके मुरडलीच. आज तीच नाके चौफुल्याकडे वळताना मुरडतात. जे रात्री तेथे पैसे उधळतात तेच दिवसा त्या स्त्रियांची ओळख दाखवीत नाहीत, हा दांभिकपणा आम्हांस कोणत्याही शृंगारिक लावणीपेक्षा अधिक अश्लील वाटतो.

या भागातील शेतकऱ्यांनी पाटसला व न्हावऱ्यास भाग गोळा करून साखर कारखाने उभारले. ज्यांना उसाचे गाळप सहकाराने साधले त्यांना संगीत मंडळी का साधू नये? १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा हाताशी आहे. सहकारी संस्थाही कालांतराने एखाद्या घराण्याचे वतन होऊ शकते, हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे. यास्तव पोटनियमातच चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. भागाची किंमत शेतमजुरालाही झेपेल इतकी अल्प असावी. संचालकांत निम्मे कलावंत असावेत, व त्यांत स्त्रियांची संख्या ठरलेली असावी. जमाखर्च दरवर्षी नाटकगृहाच्या दारावर लावावा. पगाराखेरीज आजारपण व म्हातारपण यांसाठी निधी वेगळा काढावा, व त्यास कोणीही हात लावू नये.

पहिली सभा दौंडास भरवावी, कारण आगगाडी तेथे आहे; दुसरी शिरूरास, कारण तेथे ती नाही व लोकांस नाटक पाहून रात्री घरी परतण्याची अडचण अधिक आहे. दोन्ही सभांचे आमंत्रण चौफुल्याच्या कलावतींस आधी जावे, आणि ते करमणुकीच्या बैठकीचे नसून भागधारकाचे असावे.