दुसरी प्रत, दुसऱ्या हाती

ओंकारेश्वरहून परिक्रमा उचललेला यात्रेकरू नर्मदेच्या दक्षिण तटाने निघतो. शूलपाणीच्या झाडीतून समुद्रापर्यंत जातो, कठपोरहून नावेत बसून मिठीतलाईला उतरतो आणि मग उत्तर तटाने परतीला लागतो. या परतीच्या वाटेवर धार जिल्ह्यातील धरमपुरी येते. नदीच्या मधोमध असलेले बेंट नावाचे बेट, त्यावरचे बिल्वामृतेश्वर महादेवाचे देऊळ, पुढे खलघाटचा महामार्गावरचा पूल आणि त्यापुढे अहिल्याबाईंचे महेश्वर. महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी माणसे या वाटेने चालतात. १३१२ किलोमीटर लांबीच्या नदीला दोन्ही काठांनी प्रदक्षिणा घालायची, तर पाठीवरचे ओझे पावशेर वाढले तरी जाणवते. तिथे लॅपटॉपचा विचारही कोणी करत नाही. पण मोबाइल बहुतेकांच्या खिशात असतो, आणि धरमपुरीला पोचेपर्यंत त्यात शेकडो छायाचित्रे साठलेली असतात. काळजीची बाब अशी की ती बहुधा फक्त त्या मोबाइलमध्येच असतात.

घाटावर स्नानाला वाकताना फोन पाण्यात जातो. धर्मशाळेत चार्जिंगला लावलेला फोन सकाळी जागेवर नसतो. जागा संपली म्हणून घाईघाईत फोटो पुसले जातात आणि त्यात नको ते पुसले जाते. मेमरी कार्ड एक दिवस उघडतच नाही. यातले काहीही कोणाच्याही बाबतीत घडू शकते. नवा फोन विकत मिळतो, त्यातली छायाचित्रे मिळत नाहीत. म्हणून प्रवासातच, लॅपटॉपशिवाय, छायाचित्रांच्या प्रती कशा करून ठेवाव्यात हा प्रश्न नीट मांडण्याची गरज आहे.

धरमपुरीच्या परिसरात या प्रश्नाला आणखी एक अर्थ आहे. गुजरातेतील सरदार सरोवर धरणामुळे मध्य प्रदेशातील जी १९२ गावे बाधित म्हणून मोजली गेली, त्यांच्यासोबत एकाच शहराचे नाव होते, ते धरमपुरीचे. सप्टेंबर २०१९ मध्ये हे धरण १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत पहिल्यांदा भरले. त्या वर्षी याच धार जिल्ह्यातील चिखलदा आणि निसरपूर पाण्याखाली गेले. परिक्रमेची जुनी पायवाट ठिकठिकाणी बुडाली, काठ बदलले, मुक्कामाच्या जागा वर सरकल्या. त्याआधी इथून चाललेल्या एखाद्या यात्रेकरूने चिखलद्याच्या घाटाचा, तिथल्या एखाद्या ओसरीचा सहज म्हणून फोटो काढला असेल, तर तो आज त्या गावाचा पुरावा आहे. तो पुन्हा काढता येणार नाही. या खोऱ्यात साध्या प्रवासी छायाचित्रालाही दस्तऐवजाचे मोल येऊ शकते, आणि कोणत्या चित्राला येईल हे ते काढताना कळत नाही.

प्रत का करावी आणि कुठे ठेवावी, याचा धडाही याच मुलखात आणि आपल्या महाराष्ट्रात मिळतो. धार जिल्ह्यातच बाघची लेणी आहेत. तिथली भित्तिचित्रे ओल आणि दगडाच्या झिजेमुळे नष्ट होत चालली होती. १९२१ मध्ये ग्वाल्हेर दरबाराच्या पुढाकाराने नंदलाल बोस, असितकुमार हलदार आदी चित्रकारांनी त्यांच्या प्रतिकृती केल्या. त्यानंतर भिंतींवरची चित्रे आणखी विरत गेली, उरलेले काही भाग काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात हलवावे लागले. मूळ चित्रे कशी होती हे समजून घ्यायला आज त्या प्रतिकृतींचाच मोठा आधार आहे.

अजिंठ्याची हकीकत याहून बोलकी आहे. १८४४ मध्ये मद्रासच्या लष्करातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला अजिंठ्याची चित्रे उतरवून घेण्याचे काम मिळाले. पुढची सुमारे दोन दशके त्यांनी त्यासाठी दिली. त्यांच्या प्रतिकृती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या सर जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम नव्याने आरंभले. तीही चित्रे लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या एका इमारतीत ठेवली होती, आणि १८८५ मध्ये तिथेही आग लागून कितीतरी चित्रे गेली. दोन्ही वेळा मेहनतीत कसूर नव्हती. एवढ्या कष्टाने केलेले काम एकाच छपराखाली राहिले, हा दोष होता. ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये अजिंठ्यावर दोन खंड छापले. ते वेगवेगळ्या ग्रंथालयांत गेले, आणि म्हणून त्यांच्या कामाचा बराच भाग आपल्यापर्यंत पोचला. चित्रे कशावर ठेवली याइतकेच, ती किती ठिकाणी ठेवली यालाही महत्त्व असते.

डिजिटल छायाचित्रांसाठी हाच विचार अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तीन आकड्यांत बसवला. एकूण प्रती ३, साधने किमान २ प्रकारची, आणि त्यांतली १ प्रत दुसऱ्या गावी. हा नियम मोठ्या स्टुडिओंसाठी आहे असे वाटू शकते, पण पायी चालणाऱ्यालाही तो सहज पाळता येतो. पहिली प्रत फोनमध्ये, दुसरी सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये आणि तिसरी इंटरनेटवरून दूरच्या संगणकावर.

दुसऱ्या प्रतीसाठी लागणारी वस्तू बोटभर लांबीची असते. एका बाजूला फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसणारे टाइप-सी तोंड आणि दुसऱ्या बाजूला नेहमीचे यूएसबी तोंड असलेला पेन ड्राइव्ह मोबाइलच्या दुकानात ‘ओटीजी पेन ड्राइव्ह’ म्हणून मागितला की मिळतो. बहुतेक अँड्रॉइड फोनना तो थेट लागतो. आयफोनमध्ये २०२३ साली आलेल्या १५ क्रमांकाच्या मालिकेपासून टाइप-सी तोंड आहे, त्याआधीच्या फोनना वेगळा जोड लागतो. अँड्रॉइड फोनमधल्या फाइल्सच्या ॲपमध्ये जाऊन फोटोंचे फोल्डर निवडायचे आणि ‘कॉपी’ करायचे. ‘मूव्ह’ करू नये, कारण मूव्ह केल्यावर फोटो पहिल्या जागेवरून निघून जातात आणि प्रत पुन्हा एकच उरते. पेन ड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीने तयार केलेला असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ त्यात उतरत नाही. एक्सफॅट पद्धतीत ही अडचण येत नाही, मात्र आपला फोन ती वाचतो का हे निघण्यापूर्वी घरीच पाहून घ्यावे. कॉपी झाल्यावर पेन ड्राइव्हमधले चार-दोन फोटो आणि एखादा व्हिडिओ उघडून पाहावा. न उघडलेली प्रत हाती आहे की नाही, हे आपल्याला ठाऊक नसते.

हा पेन ड्राइव्ह फोनजवळ ठेवू नये. फोन आणि पेन ड्राइव्ह एकाच पिशवीत असतील, तर ती पिशवी हरवली की दोन्ही प्रती एकदमच जातात. जोडीने किंवा गटाने चालणाऱ्यांनी एकमेकांचे पेन ड्राइव्ह एकमेकांच्या सॅकमध्ये, प्लास्टिकच्या बंद पाकिटात ठेवावेत. एकट्याने चालणाऱ्याने तो अंगावरच्या कपड्यात ठेवावा आणि फोन सॅकमध्ये असू द्यावा. वेगळा कॅमेरा नेणाऱ्यांनी एका मोठ्या मेमरी कार्डाऐवजी चार लहान कार्डे घ्यावीत. भरलेल्या कार्डातले फोटो दोन ठिकाणी गेल्याशिवाय ते कार्ड पुन्हा वापरू नये. मधूनच घरी परतणारा एखादा सोबती भेटला तर भरलेले कार्ड त्याच्याबरोबर धाडता येते, नाहीतर पेन ड्राइव्हची एक जादा प्रत काढून ती स्पीड पोस्टाने घरी पाठवता येते.

तिसरी प्रत क्लाउडवर, म्हणजे आपल्या खात्यात पण दूरच्या संगणकावर. गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजमध्ये नव्याने चढवलेले फोटो या १५ जीबीतच मोजले जातात, आणि मेलही त्यातच असतात. ॲपलच्या आयक्लाउडमध्ये फुकट जागा ५ जीबीच आहे. व्हिडिओंमुळे ती झपाट्याने भरते. म्हणून आधी फोटो चढवावेत आणि व्हिडिओ पेन ड्राइव्हवर ठेवावेत, किंवा प्रवासाच्या महिन्यांपुरती जास्तीची जागा विकत घ्यावी. फोनवर बॅकअप ‘फक्त वाय-फायवर’ असा लावलेला असेल आणि वाटेत वाय-फाय मिळतच नसेल, तर महिनाभर एकही फोटो वर जात नाही आणि आपण निर्धास्त राहतो. मोबाइल डेटावरून बॅकअप घ्यायची परवानगी फोनला मुद्दाम द्यावी लागते. शूलपाणीच्या झाडीत नेटवर्कचा भरवसा धरू नये. धरमपुरी, महेश्वर, मंडलेश्वर अशा मोठ्या गावांच्या मुक्कामात हे काम उरकून घ्यावे.

क्लाउडबाबत एक गैरसमज फार महागात पडतो. फोनमधली जागा मोकळी करायची म्हणून गुगल फोटोजमध्ये शिरून फोटो पुसले, तर ते क्लाउडवरूनही पुसले जातात. फोनवरचे फोटो काढून क्लाउडवरचे ठेवायचे असतील, तर त्यासाठी जागा मोकळी करण्याचा वेगळा पर्याय ॲपमध्येच आहे. बॅकअप झालेला फोटो चुकून पुसला गेला, तर तो ६० दिवस कचरापेटीत राहतो आणि तेवढ्या मुदतीत परत आणता येतो. ही मुदत माहीत असली की चुकीनंतर हातपाय गळत नाहीत.

दुसरा गैरसमज व्हॉट्सॲपचा. रोजचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले की ते सुरक्षित झाले, असे अनेक कुटुंबांना वाटते. व्हॉट्सॲप पाठवताना फोटो लहान करते, आणि तो कधी व कुठे काढला ही फोटोच्या पोटात दडलेली नोंदही त्यातून गळते. मोबाइलच्या पडद्यावर तो चांगला दिसतो, पण मोठा छापायला गेले की फाटतो. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ स्वरूपात पोचतो. निवडक फोटो अशा रीतीने घरी पाठवावेत आणि घरच्या एकाने ते उतरवून संगणकावर तारखेवार ठेवावेत. मुलाबाळांपैकी कोणीतरी हे काम आनंदाने अंगावर घेईल. काहीच न होण्यापेक्षा ग्रुपवरचा लहान फोटोही बरा, पण त्याला पूर्ण प्रत समजू नये.

फोन हरवल्यावर एक अडचण उभी राहते, जिचा विचार निघताना सहसा होत नाही. क्लाउडमधले फोटो सुरक्षित असतात, पण नव्या फोनवरून खाते उघडायला जो ओटीपी येतो, तो हरवलेल्या सिमवर येतो. गुगल अशा प्रसंगासाठी आठ आकडी दहा बॅकअप कोड देते. निघण्यापूर्वी ते कागदावर उतरवून एक प्रत घरी ठेवावी आणि एक आपल्या डायरीत. पासवर्ड घरातल्या एका विश्वासू माणसाला माहीत असावा. ज्येष्ठ यात्रेकरूंची खाती बहुधा मुलांनी उघडून दिलेली असतात, त्यांच्यासाठी ही तयारी जास्त निकडीची आहे. प्रवास संपल्यावरही खाते वापरात ठेवावे. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते, त्यातल्या फोटोंसह, पुसण्याचे धोरण गुगलने जाहीर केले आहे.

परिक्रमा हे व्रत आहे, तिथे छायाचित्रांचा एवढा व्याप कशाला, असे कोणी म्हणेल. जे फोन न घेता, पैसे न घेता, नर्मदामैयाच्या भरवशावर चालतात, त्यांच्या निष्ठेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण ज्याने फोटो काढायचे ठरवले, त्याने ते सांभाळायचेही ठरवावे. ज्या माउलीने आपल्या घासातला घास काढून वाढला, तिने विश्वासाने आपल्याला फोटो काढू दिलेला असतो. तो हरवणे ही आपल्या एकट्याची हानी नाही. यासाठी वेळही फार लागत नाही. संध्याकाळच्या आरतीनंतर दहा मिनिटे बसले, सारखेसारखे आलेले फोटो काढून टाकले आणि उरलेले पेन ड्राइव्हवर घेतले, की काम होते. रोज निवड झाली तर प्रतीही हलक्या राहतात आणि घरी आल्यावर हजारो फोटोंचा ढिगारा उपसावा लागत नाही. त्याच वेळी गावाचे नाव, तट आणि तारीख डायरीत टिपावी. कोणता घाट आहे हेच कळले नाही, तर फोटो असूनही त्याचा उपयोग निम्मा होतो.

काही काम समाजाने उचलण्याजोगे आहे. परिक्रमेला गट नेणाऱ्या संस्थांनी निघण्यापूर्वीच्या बैठकीत औषधे आणि पादत्राणांबरोबर फोटोंच्या प्रतींचीही माहिती द्यावी. तटावरच्या आश्रमांना आणि सदाव्रतांना देणगी देणाऱ्यांनी धान्याबरोबर चार्जिंगचे चांगले पॉइंट बसवून द्यावेत. धार, देवास आणि इंदूर इथे पवार आणि होळकरांच्या काळापासून मराठी समाज रुजलेला आहे. तिथल्या मराठी संस्थांनी आणि महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांनी परिक्रमावासींकडून नोंदीसह निवडक छायाचित्रे घेऊन त्यांचा संग्रह उभारावा. बुडालेले घाट, हललेली गावे, बदललेल्या वाटा यांची एवढी विखुरलेली चित्रे दुसऱ्या कोणाकडे क्वचितच असतील. एका संस्थेकडे संग्रह झाला तर त्याची प्रत दुसऱ्या संस्थेकडेही असावी. अजिंठ्याच्या प्रतिकृतींची गत पुन्हा कशाचीही होऊ नये.

चातुर्मास संपून कार्तिकात परिक्रमा पुन्हा सुरू होते. यंदा निघणाऱ्यांनी एक तालीम घरीच करावी. फोन हरवला असे समजून तो कपाटात ठेवावा आणि दुसऱ्याच्या फोनवर, पेन ड्राइव्हमधून आणि क्लाउडमधून, आपला कालचा फोटो उघडून दाखवावा. तो उघडला तर तयारी झाली. नाही उघडला, तर कुठे अडले ते घरातच कळेल आणि निघण्याआधी दुरुस्त करता येईल.